खांबाच्या वाढदिवसाची गाठ

ताईने फोनवर विचारलं ते एवढंच, की कोपऱ्यावरचा खांब अजून आहे का. 'आहे' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण जेवढ्यास तेवढं बोलण्याची शिस्त पार्सलसाहेबांनी नोकरीत इतकी वर्षं पाळली होती की निवृत्तीनंतर ती मोडण्यात त्यांना सुख वाटे. ते म्हणाले, "आहे म्हणजे? तू येशील त्याच आठवड्यात वाढदिवस आहे त्याचा. सजवून ठेवतो. आणि तुझ्याच गाठीने बांधतो."



"माझ्या गाठीने?" ताई म्हणाली. "आठवते तुला?"

"न आठवायला काय झालं?"

"बरं बाबा," ती म्हणाली आणि हसली. मेहुणे गेल्यापासून ताईच्या फोनमध्ये गुडघे, चष्मा आणि हवा याखेरीज चौथा विषय नसायचा. ती हसली याचंच पार्सलसाहेबांना इतकं बरं वाटलं की गाठ आपल्याला मुळीच आठवत नाही, हे चहाचा कप रिकामा होईपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नाही.

खांबाचा वाढदिवस म्हणजे काय, हे गल्लीबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आजूबाजूला सगळीकडे दिवे आले तरी ही गल्ली अंधारातच होती. मोठी माणसं अर्ज करकरून थकली. मग सगळ्यांनी नाद सोडून दिल्यावर एके दिवशी आपण होऊन एक लोखंडी खांब आला, दिवा लागला, आणि गल्लीतल्या लोकांना एकमेकांची तोंडं संध्याकाळनंतरही दिसू लागली. मोठ्यांना या गोष्टीचा आनंद फार दिवस टिकवता आला नाही. पोरांनी मात्र ठरवलं, की दरवर्षी त्या तारखेला खांब सजवायचा आणि सजावट आठवडाभर ठेवायची. पताका, कागदी फुलं, गोळ्यांच्या चांद्या, हाताला लागेल ते एका लांब सुतळीत ओवायचं, ती माळ खांबाला खालून वर गुंडाळत न्यायची आणि वरच्या टोकाला गाठ मारायची. गाठ मारायचं काम ताईचं. खांबाच्या बुडाशी सिमेंटचा ओटा होता, त्यावर चढून, सगळ्यांकडे पाठ करून ती काहीतरी करायची आणि उतरायची. आठवडाभर माळ जागची हलायची नाही. आठवड्याने तीच सुतळीचं एक टोक ओढायची आणि सगळी माळ भसकन खाली यायची. निरगाठीसारखी घट्ट आणि सुरगाठीसारखी सुटणारी अशी गाठ गल्लीत दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

पार्सलसाहेब तेव्हा फक्त 'धाकट्या' होते. वाढदिवसाच्या आठवड्यात रोज सकाळी ताई त्यांना कपाळावर हात ठेवून उठवायची. हात गार असायचा आणि त्याला लोखंडाचा वास यायचा. "हात एवढे गार कसे?" असं विचारलं की म्हणायची, "हापशावर गेले होते. ऊठ, बघ जा, आहे का जागेवर." मग धाकट्या खिडकीकडे धावायचा. माळ जागेवर असायची. एवढ्यावर त्याचा सगळा दिवस चांगला जायचा. पुढच्या आयुष्यात बढती मिळाली, घर झालं, पण सकाळी उठून खिडकीबाहेर पाहावं आणि सगळं काल होतं तिथेच असावं, हा आनंद काही पुन्हा त्या प्रतीचा मिळाला नाही.

ताई लग्न होऊन लांब गेली, त्या वर्षी इतरांनी बांधून पाहिलं. सकाळी माळ ओट्यावर. पुन्हा बांधली, पुन्हा ओट्यावर. तेव्हा गल्लीने निष्कर्ष काढला की गाठ ताईबरोबर गेली, आणि वाढदिवस बंद पडला.

आता तो पुन्हा सुरू करायचा तर गाठ हवी. याबाबतीत पार्सलसाहेबांची अडचण दुहेरी होती. मालवाहतुकीच्या ज्या कंपनीत त्यांनी जन्म काढला, तिथे पार्सल स्वीकारायच्या खिडकीवर ते बसत. आलेल्या गठ्ठ्याची सुतळी एका बोटाने उचलून पाहत आणि म्हणत, "ही गाठ प्रवासात टिकायची नाही. बांधून आणा." निम्म्या गावाने त्यांच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून गठ्ठे पुन्हा बांधलेले होते. त्यामुळे गाठीतलं त्यांना सगळं कळतं, असं लोक समजत. प्रत्यक्षात त्यांनी नोकरीभर एकही गाठ मारलेली नव्हती. परीक्षक पेपर तपासतो म्हणून त्याला कोणी परीक्षेला बसवत नाही; पण ही सवलत खिडकीपुरतीच असते.

"टेप लावा," पार्सलसाहेबांची बायको म्हणाली. तिने भाजी निवडताना मानही वर केली नाही.

"टेप?"

"चिकटपट्टी. माळेच्या टोकाला दोन वेढे मारा, झालं."

"मी ताईला गाठ म्हणालोय."

"वन्सं काय खांबावर चढून बघणार आहेत?"

पार्सलसाहेब उठून चपला शोधू लागले. चिकटपट्टी लावलेली पार्सलं ते उघड उघड तुच्छतेने घेत असत, हे तिला माहीत असायला हवं होतं.

पहिलं काम परवानगीचं. खांब सरकारी, तेव्हा न विचारता हात लावणं त्यांच्या स्वभावात बसेना. वीज कार्यालयातल्या कारकुनाने त्यांना बसायला सांगितलं, यावरूनच काम होणार नाही हे त्यांनी ओळखलं.

"खांबाला सजावट करायची आहे की दिव्याला?" कारकुनाने विचारलं.

"खांबाला."

"मग आमच्याकडे का आलात? दिवा आमचा. खांब त्यांचा." त्याने समोरच्या इमारतीकडे पेनाने दाखवलं.

समोरच्या इमारतीत खांब होता. म्हणजे खांबांचं खातं होतं. तिथल्या बाई समजूतदार होत्या.

"निमित्त काय लिहू?"

"वाढदिवस."

"कोणाचा?"

"खांबाचा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पार्सलसाहेबांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, नीट विंचरलेल्या केसांकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, बरोबर कोणी आलंय का?"

पार्सलसाहेबांनी सगळी हकिगत सांगितली. अंधार, अर्ज, पोरं, ताई. बाईंनी ती मनापासून ऐकली. शेवटी तर त्यांचे डोळे पाणावल्यासारखे वाटले. "आमच्याकडे इतक्या वर्षांत खांबाबद्दल कोणी चांगलं बोलायला आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "परवानगी अशी काही नसते. पण खांबाची अवस्था काय आहे?"

"जुना झालाय. गंजलाय. रंगाचे पोपडे आलेत."

"मग असं कसं चालेल? वाढदिवस आहे ना?"

दुसऱ्याच दिवशी माणसं आली आणि त्यांनी तारेच्या ब्रशने, मग पॉलिश कागदाने खांब असा काही घासला की आत लपलेलं लोखंड आरशासारखं चकाकू लागलं. जुन्या जाहिराती गेल्या, पोपडे गेले, गंज गेला, आणि ज्याला सुतळी धरून राहू शकली असती असा प्रत्येक खडबडीतपणा गेला. रंग कधी देणार, असं विचारल्यावर मुकादम म्हणाला, "रंगाचं खातं वेगळं. आम्ही फक्त खरवडतो." सरकारी काम इतक्या तातडीने झालेलं गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही नको असताना.

पहिली माळ पार्सलसाहेबांनी स्वतः बांधली. निरगाठीवर निरगाठ. ते ओट्यावरून उतरले, दोन पावलं मागे सरले, आणि माळ, एखाद्याचा मोजा उतरावा तशी, सावकाश ओट्यावर येऊन बसली.

बघ्यांमध्ये कोपऱ्यावरचा शिंपी होता. त्याने एका बोटाने सुतळी उचलली. "साहेब," तो म्हणाला, "ही गाठ प्रवासात टिकायची नाही."

"खांब कुठे प्रवासाला निघालाय?"

"खांब नाही, पण माळ निघालीय ना." बरीच वर्षं जपून ठेवलेलं वाक्य एकदाचं वापरल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरलं. "मी सांगतो, बांधून आणा."

त्यानंतर सल्ल्यांचा जो ओघ सुरू झाला तो आवरता आवरेना. गल्लीत सरळ दोन पक्ष पडले, एक सुरगाठीचा आणि एक निरगाठीचा. निरगाठवाल्यांचं म्हणणं, एकदा बांधलं की सुटता कामा नये. सुरगाठवाले म्हणत, सुटायची सोय नसेल तर ती गाठ कसली, ती तर अडचण. या वादात दोन घरांमधली जुनी भांडणंही नव्याने उकरली गेली, पण त्यांचा खांबाशी संबंध नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी स्वतः येऊन गाठ मारली. हिरडीला टाके घालतात तशी. फार सुबक होती. मात्र मारताना ते सवयीने खांबाला म्हणाले, "आ करा," आणि नंतर कोणी त्यांच्याकडे गंभीरपणे पाहिलं नाही. माळ तासाभरात खाली आली. "दुखत नाही ना, म्हणून धरत नाही," असं एक विचित्र स्पष्टीकरण देऊन ते वर गेले.

मग बोटवाले काका आले. तरुणपणी ते मोठ्या जहाजावर होते आणि हे त्यांनी कोणाला विसरू दिलेलं नव्हतं. वादळात नांगर कसा बांधतात, याचं वर्णन करत त्यांनी सुतळी अशी फिरवली, तशी फिरवली, स्वतःच्या मनगटाभोवती घेतली, आणि शेवटी खांबाला त्यांचा डावा हात पक्का बांधला गेला. माळ मोकळीच राहिली. हात सोडवायला कात्री आणावी लागली. कात्री आणायला कोणी शिंप्याकडे गेलं तेव्हा काकांच्या बायकोने खिडकीतून खुलासा केला, "अहो, ते जहाजावर हिशेबनीस होते. दोरी त्यांनी लांबूनच पाहिलीय."

"लांबून पाहूनही माणूस शिकतो," काका खांबाजवळून म्हणाले.

"मग हिशेब तरी नीट शिकला असतात."

पार्सलसाहेबांना या सगळ्यात एक गोष्ट टोचत होती. गल्ली हसत होती, आणि ते हसणं खांबाला नव्हतं. ज्यांचे गठ्ठे त्यांनी परत पाठवले होते ती माणसं येता-जाता सुतळी उचलावी तसं एक बोट वर करून दाखवत. पण तेही त्यांनी गिळलं असतं. खरं ओझं फोनवरच्या त्या हसण्याचं होतं. ताई हसली होती ती गाठीमुळे. ती येणार, रिक्षातून उतरणार, खांबाकडे पाहणार, आणि तिथे ओट्यावर कागदांचा ढीग असणार. मग पुन्हा गुडघे, चष्मा आणि हवा.

"टेप," बायको म्हणाली.

"नको."

"मी आणून ठेवलाय. फडताळात आहे. तुम्हाला सांगून ठेवते, बाकी तुमची मर्जी."

ताई आली ती सकाळी ठरलेल्या वेळेच्या आधीच. पार्सलसाहेब त्या वेळी खांबाला मिठी मारून उभे होते; माळ घसरू नये म्हणून ती पोटाने दाबून धरायची आणि हात मोकळे ठेवायचे, अशी नवी पद्धत चालू होती. रिक्षा थांबली. वाकड्या मुठीची काठी आधी बाहेर आली, मग ताई. केस पांढरे झाले होते. पार्सलसाहेब वळले, पोटाचा दाब सुटला, आणि माळ त्यांच्या पायांवर पडली.

सगळे दोन पावलं मागे सरले. निरगाठवालेसुद्धा.

ताई खांबापाशी आली. तिने चकाकत्या लोखंडावरून तळवा फिरवला. मग खाली पाहिलं, ओट्यावर पडलेल्या माळेकडे, आणि तिच्या तोंडावर ओळखीचं काहीतरी दिसल्यासारखं झालं.

"ताई, मी बांधली होती," पार्सलसाहेब म्हणाले. "म्हणजे तुझी गाठ... मला वाटलं आठवेल."

"धर मला," ताई म्हणाली. "ओट्यावर चढू दे."

"वन्सं, गुडघे," बायको म्हणाली.

"गुडघे रोजचेच आहेत गं."

एका बाजूने पार्सलसाहेब आणि एका बाजूने बायको, असं करून ताईला ओट्यावर उभं केलं. ती पूर्वीसारखीच सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. पण तेव्हाची पोरं आता नव्हती. सगळी गल्ली अर्धगोल फिरून तिच्या पुढे येऊन थांबली. दातांच्या डॉक्टरांनी चष्मा पुसून घेतला. ताईने सुतळीचा एक वेढा घेतला, दुसरा घेतला, एक फासा केला, त्यातून दुसरा ओढला आणि हात झटकले.

"हे तर बुटाच्या नाडीचं," डॉक्टर म्हणाले.

"साधी सुरगाठ," शिंपी म्हणाला. त्याच्या आवाजात फसवणूक झाल्याची भावना होती.

"मग?" ताई म्हणाली. "नाडी सुटते म्हणून बूट फेकून देता का तुम्ही?"

याचा अर्थ कोणाला लागला नाही, पण ऐकायला ते बरोबर वाटलं. शिवाय माळ टिकली होती. संध्याकाळी दिवा लागला तरी ती जागेवर होती. सुरगाठ पक्षाने चहा केला, तो निरगाठ पक्षानेही घेतला. बोटवाल्या काकांनी, अशीच गाठ आपण एका बंदरात लांबून पाहिली होती, असं सांगितलं. ताई गल्लीतल्या गेलेल्या माणसांच्या नकला करत बसली, आणि हवेचं नावसुद्धा तिने काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पार्सलसाहेबांना जाग आली ती कपाळावरच्या हाताने.

"ऊठ धाकट्या," ताई म्हणाली. "बघ जा, आहे का जागेवर."

ते खिडकीपाशी गेले. माळ जागेवर होती. पताका सकाळच्या वाऱ्यात हलत होत्या. पार्सलसाहेबांच्या छातीत ते जुनं सुख भरून आलं, अगदी त्याच प्रतीचं, आणि ते वळून 'टिकली' असं म्हणणार, तोच कपाळावर अजून रेंगाळत असलेली एक गोष्ट त्यांना जाणवली. हात गार होता. आणि लोखंडाचा वास.

हापसा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. घरात आता नळ होता, तोही गरम पाण्याचा.

त्यांनी दाराकडे पाहिलं. ताईची काठी भिंतीला टेकलेली होती. तिच्या वाकड्या मुठीला लाल पताकेचा एक तुकडा चिकटला होता. दाराशी ताईच्या चपलांच्या कडांना ओली माती होती.

पार्सलसाहेब पुष्कळ वेळ खिडकीशी उभे राहिले. त्या वर्षांतल्या सगळ्या सकाळी त्यांना एकेक करून पुन्हा पाहाव्या लागल्या. प्रत्येक सकाळी रिकामा रस्ता, ओट्यावर पडलेली माळ, आणि परकर खोचून खांबाला एका हाताने धरून उभी असलेली एक मुलगी, जिला धाकट्या उठायच्या आत काम संपवायचं होतं. इतक्या वर्षांत आपल्याला हे कळलं नाही, याबद्दल त्यांना स्वतःला बाकावर बसवावंसं वाटलं.

"काय रे?" ताईने मागून विचारलं. "नाही का?"

"आहे," ते म्हणाले. "जागेवर आहे, ताई. जराही हलली नाही."

"हलायची नाही," ताई म्हणाली आणि चहा टाकायला सांगायला आत गेली.

त्या दिवशी पार्सलसाहेबांनी कोणाशी फारसा वाद घातला नाही. शिंप्याने बोट वर करून दाखवलं तर यांनीही दाखवलं. संध्याकाळी ते लवकर झोपले.

दूधवाला यायच्या आधी ते खांबापाशी होते. माळ अर्थातच ओट्यावर होती, दवाने भिजून जड झालेली. त्यांनी ओट्यावर चढून एका हाताने खांब धरला. लोखंड इतकं गार असतं याची त्यांना कल्पना नव्हती. वेढे नीट केले, पताका सोडवल्या, वर नेऊन एक फासा केला, त्यातून दुसरा ओढला. बुटाच्या नाडीचं. आयुष्यातली पहिली गाठ जिला त्यांनी स्वतः पास केलं असतं.

परत आले तर बायको दारात उभी होती. तिच्या हातात चिकटपट्टी होती.

"देऊ?"

"नको."

"मग उद्या पण उठणार?"

"आठवडाभर."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग आत ताई निजली होती त्या खोलीकडे पाहिलं. काही न विचारता तिने चिकटपट्टी फडताळात ठेवून दिली.

ते पांघरूण ओढून पडले. थोड्या वेळाने ताईच्या खोलीचं दार वाजलं. काठीचा आवाज दारापर्यंत गेला, तिथे थांबला. बराच वेळ थांबला. मग चपला पुन्हा जागेवर ठेवल्याचा आवाज आला आणि काठी त्यांच्या खोलीकडे वळली.

कपाळावर हात आला. हात उबदार होता, अंथरुणातून नुकताच उठलेला.

"ऊठ धाकट्या. बघ जा, आहे का जागेवर."

"तू पाहिलंस ना," ते डोळे मिटूनच म्हणाले. "तूच सांग."

"आहे," ताई म्हणाली. त्यांना उठवायला म्हणून तिने त्यांचा हात हातात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. "हात केवढे गार रे तुझे."

"हापशावर गेलो होतो," पार्सलसाहेब म्हणाले.